कुऱ्हाड, मॉल आणि मामीची उलटी विळी

अप्रेझलच्या सीझनमध्ये ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘‘बॉसला खरं सांगून टाकलं आणि स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली यार!’’ मी फ्रीलान्सर आहे. मला बॉस नाही, पण क्लायंट आहेत. त्यामुळे हे वाक्य मीही महिन्यातून दोनदा तरी म्हणते. गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ अजून डब्यात असताना, एका रविवारी सकाळी मामीचा फोन आला.

‘‘तुझ्या मामाच्या पायावर कुऱ्हाड बसली. सात टाके पडलेत. घाबरू नको माय, आता बसलेत च्या पित.’’

त्या दिवसापासून मी ते वाक्य म्हणणं बंद केलं.

माझं आजोळ हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. पुण्यातल्या फ्रेंड्सना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘हे एक्झॅक्टली कुठे आलं गं?’’ तर बॉस, १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. औंढ्याचं ज्योतिर्लिंग इथलं, संत नामदेवांची नर्सी इथली. जिला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ती वसमतची हळदही इथलीच. शिवाय औंढ्याजवळ दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ उभी राहतेय. केंद्र सरकारने २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिलेली, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा. गुरुत्वीय लहरींमुळे होणारी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी हालचाल ती मोजणार आहे. आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर माझा एकसष्ट वर्षांचा मामा बाभळीचा ओंडका पायाने दाबून धरून त्यावर कुऱ्हाड घालत होता. कुऱ्हाड गाठीवर बसली, सटकली आणि नडगीवर आली.

मी काय केलं? आपली जनरेशन जे करते तेच. लॅपटॉप उघडला आणि ‘लॉग स्प्लिटर’ सर्च केलं. लाकूड फोडायचं मशीन घेऊन द्यायचं, प्रॉब्लेम सॉल्व्ह! बजेटही ठरवून टाकलं. गोव्याच्या ट्रिपसाठी साठवलेले पैसे होते. गोवा काही पळून जात नाही.

गॅस आहे ना घरात?

हा प्रश्न तुमच्याही मनात आलाच असेल. आहे ना! मामाकडे गॅस आहे, चकाचक दोन बर्नरची शेगडीही आहे. तिच्यावर चहा होतो, पाहुणे आले की पोहे होतात. पण आंघोळीचं पाणी तापतं ते अंगणातल्या तांब्याच्या बंबावर आणि भाकरी होते चुलीवर. आजी आजही म्हणते की गॅसवरची भाकरी ‘वाफेवर फुगते, आगीवर नाही’. ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी घातला आहे. हरले आहे.

आणि हे एकट्या आमच्या आजीचं कौतुक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातली जेमतेम ४३ टक्के घरं स्वयंपाकासाठी मुख्यतः गॅससारखं स्वच्छ इंधन वापरणारी निघाली. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, सिलिंडर घरोघरी गेले, ही मोठीच गोष्ट झाली. पण शेतकऱ्याच्या घरात एक इंधन कधीच नसतं. गॅस, लाकूड, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या हे सगळं असतं आणि त्या दिवशी जे परवडेल ते पेटतं.

मी सवयीप्रमाणे कॅल्क्युलेटर काढला. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. गॅसच्या शेगडीत त्यातली साधारण ६० टक्के उष्णता भांड्याला लागते. साध्या तीन दगडांच्या चुलीत हेच प्रमाण जेमतेम १० टक्के, बाकीची उष्णता स्वयंपाकघर आणि आकाश तापवते. वाळलेल्या लाकडाचा उष्मांक किलोला साडेतीन हजार किलोकॅलरी धरला, तर एका सिलिंडरचं काम करायला साधारण अडीच क्विंटल लाकूड लागतं. अडीच क्विंटल! आणि त्यातला प्रत्येक ओंडका कुऱ्हाडीखालून जाणार. ‘लाकूड फुकट असतं’ असं म्हणणाऱ्यांनी ते कधी फोडलेलं नसतं.

मुळात फोडायचं कशाला?

मलाही वाटायचं की लाकूड फोडतात ते चुलीत मावावं म्हणून. ते तर आहेच, पण खरी भानगड पाण्याची आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. साल म्हणजे झाडाचा रेनकोट. ती आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. अख्खा ओंडका महिनोन्‌महिने पडून राहिला तरी आतून ओला. फोडला की आतला भाग उघडा पडतो आणि वारा-ऊन आपलं काम करतात. पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या खाली आला की लाकूड नीट जळतं. त्याच्या वर असेल तर आधी पाणी उकळण्यात उष्णता जाते, आग थंड राहते आणि न जळलेलं लाकूडच धूर होऊन बाहेर पडतं. तोच धूर स्वयंपाकघरात बसलेल्या बाईच्या फुप्फुसात जातो. घरातल्या धुराच्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

म्हणून लाकूड कसं फोडलंय, किती बारीक फोडलंय आणि कधी फोडलंय, हा चेष्टेचा विषय नाही. नॉर्वेमध्ये तर ह्यावर २०१३ मध्ये सरकारी वाहिनीने सलग बारा तासांचा कार्यक्रम केला होता. आधी लाकूडतोडीच्या गप्पा आणि मग रात्रभर शेकोटी. प्रेक्षकांनी तक्रारी कसल्या केल्या असतील? लाकडं रचताना साल वरच्या बाजूला ठेवली म्हणून निम्म्यांनी आणि खालच्या बाजूला ठेवली म्हणून उरलेल्या निम्म्यांनी! हे आजीला सांगितलं तर ती अजिबात हसली नाही. ‘‘साल वरच पायजे. पाऊस निथळतो,’’ एवढंच म्हणाली.

विंडो शॉपिंग

तर मशीन. आठवडाभर मी कामधाम सोडून हेच बघत होते. आणि सांगते, ह्या विषयात मोबाइलच्या मॉडेल्सपेक्षा जास्त व्हरायटी आहे.

सगळ्यात स्टायलिश वाटला तो इलेक्ट्रिक हायड्रॉलिक स्प्लिटर. ह्याचा फंडा सोपा आहे. मोटर पंप फिरवते, पंप तेल दाबून सिलिंडरमध्ये घालतो, आतला दट्ट्या पुढे सरकतो आणि आडवा ठेवलेला ओंडका समोरच्या पोलादी पाचरीवर रेटतो. जेसीबीचा हात ज्या तत्त्वावर हलतो तेच तत्त्व. घरगुती मॉडेल्स पाच ते सात टन दाबाची असतात. चांगल्या मॉडेलला दोन हात गुंतवावे लागतात, एक बटणावर, दुसरा दांडीवर. म्हणजे दट्ट्या सरकत असताना तुमचा हात मध्ये सापडूच शकत नाही. मला हे डिझाइन फार आवडलं. पेट्रोल इंजिनवर चालणारे ह्याचे थोरले भाऊ असतात, ते वीस-वीस टनांचे. किंमत मात्र मी विचारली ती माझ्या तीन महिन्यांच्या घरभाड्याएवढी निघाली, आणि ते छोट्याचं!

मग दिसला स्वस्तातला हीरो, शंकूच्या आकाराचा स्क्रू. ड्रिल मशीनला लावायचा, लाकडात घुसवायचा, तो फिरत फिरत आत शिरतो आणि लाकूड दुभंगतं. ऑनलाइन हजाराच्या आसपास मिळतो. व्हिडिओत एक गोरा माणूस हसत हसत ढीग रचतो. मीही ‘अ‍ॅड टू कार्ट’ करणारच होते, तेवढ्यात डोळ्यासमोर मामीचं नऊवारी आलं. फिरणाऱ्या स्क्रूजवळ पदर, ओढणी, मफलर, काहीही गेलं की खेळ खल्लास. मोठ्या शंकूंना मोटर किंवा ट्रॅक्टर जोडलेला असतो, ते तर क्षणात हात ओढून घेतात. गाठीत अडकला तर लाकूडच गरगर फिरून अंगावर येतं. हा पर्याय मी कायमचा कटाप केला आणि तुम्हालाही तेच सांगेन.

फिनलंडमध्ये एका भल्या माणसाने तरफेच्या तत्त्वावर चालणारी कुऱ्हाड काढलीय. पातं लाकडात शिरलं की आपोआप एका बाजूला कलतं आणि ढलपी उडवतं. झकास आहे. पण ती बर्च, पाइन अशा सरळ रेषांच्या शहाण्या लाकडांसाठी. आमची बाभळ शहाणी नाही.

उरला स्प्लिटिंग मॉल. म्हणजे आपल्या कुऱ्हाडीचा जाडजूड चुलतभाऊ. आपली कुऱ्हाड पातळ आणि धारदार असते, कारण ती मुळात झाड तोडायला, म्हणजे रेषा आडव्या कापायला बनवलेली. फोडताना रेषा कापायच्या नसतात, दोन बाजूंना ढकलायच्या असतात. पातळ पातं आत रुतून बसतं. जाड पाचरीसारखं पातं लाकूड उघडतं. मॉलचं डोकं अडीच-तीन किलोचं असतं, धार बोथट चालते. हा मात्र मी मागवला. फोनवर मामाला सांगितलं, ‘‘मामा, मॉल घेतलाय तुमच्यासाठी.’’

पलीकडे शांतता. मग, ‘‘आगं, पण इथं कोण येणार खरेदीला?’’

बाज, बँडेज आणि बाभळ

डिसेंबरात रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून मी हिंगोलीला उतरले. पहाटेचा गारठा सॉलिड होता. घरी पोचले तर मामा अंगणात बाजेवर, पाय उशीवर, हातात चहाची बशी. बाजूला ‘गुन्हेगार’ कुऱ्हाड भिंतीला टेकवलेली. तिचा दांडाही बाभळीचाच. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण शाळेत फक्त वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकतो. इथे ती भिंतीला टेकून उभी होती.

मी सीआयडीच्या थाटात चौकशी सुरू केली. ओंडका कुठे ठेवला होता? जमिनीवर. धरला कशाने? डाव्या पायाने. ओला होता की वाळलेला?

इथे मामा जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘बाभळ ओली हाय तवाच फोडायची आसती. वाळली की लोखंड व्हती. मला म्हाईत नाई का? पण उन्हाळ्यात खांदा धरला व्हता. ऱ्हायली फोडायची.’’

म्हणजे कुऱ्हाड पायावर बसली नोव्हेंबरात, पण अपघाताची सुरुवात मे महिन्यात झाली होती. खांदा दुखतोय हे मामाने कुणाला सांगितलं नाही. लाकडं तशीच पडली, वाळून कडक झाली. दिवाळीच्या पाहुण्यांसाठी बंब दिवसभर पेटता राहिला, फोडलेला साठा संपला आणि मग एकसष्ट वर्षांचा माणूस दुखऱ्या खांद्याने लोखंड फोडायला उभा राहिला. ‘‘गड्याला का नाही बोलावलं?’’ असं विचारलं तर उत्तर, ‘‘आपल्या घरची लाकडं आपण फोडावी.’’ ह्या वाक्यापुढे सात टन दाबही कमी पडतो.

मॉलची ट्रायल मीच घेतली. जिममध्ये मी डेडलिफ्ट मारते, त्यामुळे जरा ॲटिट्यूड होता. पहिला घाव जमिनीवर. दुसरा ओंडक्याच्या कडेला, एक ढलपी उडून कोंबडीच्या अंगावरून गेली. आजी ओट्यावरून बघत होती. ‘‘मधी मारू नको. कडंनं मार. आन्‌ भेग बघ आधी, भेग कुठं हाय.’’ वाळताना लाकडाच्या तोंडावर बारीक चिरा पडतात. घाव त्या चिरेच्या रेषेत घातला तर निम्मं काम झालेलं असतं. चौथ्या घावाला ओंडका उघडला. मला जो काही आनंद झाला, तो पहिल्या बायलाइनच्या वेळीही झाला नव्हता. मग गाठीचा ओंडका लावला आणि सगळी हवा गेली. तिथे मॉलही फक्त ठण्‌ वाजून परत येतो. त्यासाठी मामेभावाने माळ्यावरून दोन लोखंडी पाचरी आणि घण काढला. एक पाचर भेगेत, दुसरी तिच्या पुढे, आळीपाळीने ठोकायच्या. वेळखाऊ, पण घण छातीच्या वर उचलायची गरज नाही आणि पाय मध्ये येत नाही.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे केली. ठोकळा! जमिनीवर लाकूड फोडणं बंद. चिंचेचा एक रुंद बुंधा पडून होता, तो अंगणात आणला. (आंबा, चिंच, सागवान ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हे झाड वादळात पडलेलं होतं, तेव्हा निश्चिंत राहा.) ठोकळ्यावर जीपचा जुना टायर ठेवून खिळ्यांनी बसवला. ओंडका टायरच्या आत उभा करायचा. फुटला तरी तुकडे टायरमध्येच उभे राहतात, सटकलेली कुऱ्हाड रबरावर आपटते, नडगीवर नाही. खर्च शून्य रुपये. आठवडाभराच्या रिसर्चमधली ही सगळ्यात भारी वस्तू निघाली आणि ती कुठल्याही कार्टमध्ये नव्हती.

‘‘चालवणार कोण?’’

तरी मशीनचं खूळ डोक्यातून जाईना. हिंगोलीत एक फॅब्रिकेशनवाले आहेत, हळद शिजवायचे बॉयलर बनवतात. मामेभावाबरोबर त्यांच्याकडे गेले.

इथे हळदीबद्दल दोन शब्द, कारण ह्या जिल्ह्यात सरपणाचा विषय हळदीशिवाय पूर्ण होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते. काढली की विकता येत नाही. आधी शिजवायची, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग पिंपात घोळून पॉलिश करायची. पूर्वी हे शिजवणं गुळाच्या काहिलीसारख्या मोठ्या कढईत व्हायचं, पाण्यात, तासन्‌तास, खाली लाकूडच लाकूड. आता मध्ये बॉयलर आणि भोवती ड्रम असतात. ड्रममध्ये हळद भरायची, खालून वाफ सोडायची, पाऊण तासाच्या आत घाण शिजतो. लाकूड खूप वाचतं. पण लागतं. त्या दिवसांत गावात रात्री चाललं की हळदीचा आणि धुराचा एकत्र वास येतो. माझ्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीचा वास तोच.

फॅब्रिकेशनवाले काका मशीनची फोटो-व्हिडिओ परेड शांतपणे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘ताई, बनवून देतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर देतो, नाहीतर ट्रकचा जॅक लावून हातावरचं देतो. पण बॉयलरला लाकूड एवढं बारीक लागतच नाही, अख्खं जातं. तुम्हाला घरच्यासाठी पायजे ना? मग तीन गोष्टी सांगा. लाकूड केवढं लांब? रोज किती? आणि चालवणार कोण?’’

पहिल्याच प्रश्नाला मी अडखळले. घरगुती स्प्लिटरमध्ये साधारण हात-दीड हात लांबीचा ओंडका मावतो. म्हणजे बाभळ आधी करवतीने किंवा चेन-सॉने तेवढी कापायला हवी. मशीन फोडतं, कापत नाही! हे कुठल्याही व्हिडिओत कुणी बोलत नाही. तिथे ओंडके आधीच शिस्तीत कापलेले असतात. दुसरं, इलेक्ट्रिक मॉडेलला दोन किलोवॅटच्या आसपास वीज लागते, म्हणजे १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्थिर व्होल्टेज. मामाकडे संध्याकाळी पंखासुद्धा विचार करत फिरतो. जॅकवालं मशीन विजेशिवाय चालेल, पण एक ओंडका फोडायला दांडी पन्नास वेळा हलवायची. दुखऱ्या खांद्याने.

आणि तिसरा प्रश्न. चालवणार कोण? ‘‘मामा,’’ मी म्हटलं. मामेभाऊ पटकन बोलून गेला, ‘‘ताई, बाबा मोठी लाकडं महिन्यातून एकदा फोडतात. रोज तर आईच फोडती.’’

मी पाच दिवस त्या घरात होते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रोजचे घाव

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून बसले. मामीने बंबाजवळ पोत्यावर बैठक मारली. मामाने (म्हणजे आता मामेभावाने) फोडलेली जाड फळी डाव्या हाताने उभी धरली आणि उजव्या हातातल्या कोयत्याने वरून ठोकत तिच्या बारीक काड्या केल्या. कारण फळकं चुलीत थेट पेटत नाही. आधी काड्या, मग फळकं. कोयता खाली येताना डावा हात कधी सुटतो, कधी सुटत नाही. मी मोजले. बंबासाठी बत्तीस घाव. चुलीसाठी एकोणीस. संध्याकाळी पुन्हा वीसेक.

तिचा डावा हात हातात घेऊन बघितला. अंगठ्यावर आडवी पांढरी रेघ. तर्जनीवर दोन. मधल्या बोटाचं नख अर्ध्यातून वाकडं.

‘‘हे कधीचं?’’

‘‘हे व्हय? हे तू धा वर्साची व्हतीस तवाचं. आन्‌ हे मागल्या साली. त्यात काय, आसं व्हतच आसतंय.’’

मामाच्या सात टाक्यांसाठी पुण्याहून नातेवाईक आले, फळं आली, मी गोव्याची ट्रिप कॅन्सल केली. मामीच्या बोटांसाठी हळद होती. घरचीच.

त्या रात्री पुन्हा लॅपटॉप उघडला. हॉटस्पॉट लावून, ओट्यावर बसून. ह्या वेळी मोठं मशीन शोधत नव्हते, काड्या करायचं साधन शोधत होते. आणि सापडली ती न्यूझीलंडची आयला हचिन्सन. २०१३ च्या सुमाराची गोष्ट. घरी शेगडीसाठी काड्या करताना आईचं बोट कुऱ्हाडीने कापलं. शाळकरी आयलाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यावर उपाय काढला. पातं खाली पक्कं बसवायचं, धार वर. भोवती लोखंडी कडं. लाकूड पात्यावर उभं ठेवायचं आणि वरून हातोडी मारायची. धारदार वस्तू हलतच नाही, हलतो तो बोथट हातोडा. पुढे हे साधन जगभर विकलं गेलं.

मी स्क्रीन आजीकडे फिरवली. आजीने चष्मा वर केला, नीट बघितलं आणि म्हणाली, ‘‘ही तर विळी हाय.’’

अगदी बरोबर! सुरीत पातं भाजीकडे जातं, विळीत भाजी पात्याकडे जाते. शेकडो वर्षं आपल्या बायका विळीवर बसून अख्खा भोपळा चिरतायत. लाकडासाठी मात्र कोयता हातात!

न्यूझीलंडहून मागवायची गरज पडली नाही. औंढ्याच्या रस्त्याला एका घिसाडी कुटुंबाचा मुक्काम पडला होता. रस्त्याकडेला पाल, जमिनीत भट्टी, भाता. ट्रकच्या भंगार कमानपाट्याच्या लोखंडापासून ही माणसं कुऱ्हाडी, कोयते, खुरपी बनवतात. ते लोखंड स्प्रिंगचं, कडक आणि चिवट, पात्यासाठी एकदम फिट. घरचा पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतो आणि त्यावर घण घालते ती त्याची बायको. सात-आठ किलोचा घण, डोक्यावरून, पदर खोचून, लयीत. माझ्या डेडलिफ्टबद्दल मी तिथे चकार शब्द काढला नाही.

मी मोबाइलवर फोटो दाखवला. नवरा-बायको दोघांनी बघितला, आपसात त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. बाईने विचारलं, ‘‘किती जाड ठेवू पातं? भाजीच्या विळीवानी पातळ केलं तर रुतंल.’’ मॉलचा जो फंडा मला आठवडाभर वाचून कळला होता, तो तिने एका वाक्यात सांगितला. वीतभर लांब पातं, पाठ जाड, खाली दोन खिळे ठोकायला पाय. कडं बनवायला सळई वाकवून दिली. सगळं मिळून सातशे रुपये. मी घासाघीस केली नाही. मामेभावाला त्याचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ते पातं बाभळीच्या बुटक्या ठोकळ्यावर बसवलं. मामीला बसल्या बसल्या हात पोचेल एवढ्या उंचीवर. पहिल्या घावाला फळी कडेला कलली. कडं जरा मोठं झालं होतं, मामेभावाने सळई आत दाबून घेतली. धार आपल्या बाजूला नको म्हणून ठोकळा फिरवून ठेवला. मग मामीने फळी पात्यावर टेकवली, जुन्या हातोडीने हलकेच टिचकी मारली, फळी रुतून आपोआप उभी राहिली. डावा हात तिने काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि मग जोरात हाणली. काडी टणकन वेगळी झाली.

तिने डाव्या हाताकडे बघितलं. तो रिकामा होता. काय करावं त्याचं, हे तिला कळेना. मग त्या हाताने तिने पदर सावरला.

मामा बाजेवरून सगळं बघत होता. ‘‘हे उलटंच काम झालं,’’ म्हणाला. दहा मिनिटांनी कुबडी टेकत आला, स्टुलावर बसला आणि ‘‘बघू, आण इकडं’’ म्हणत त्याने अर्धा ढीग संपवला. खांदा वर उचलावा लागत नव्हता. मामी म्हणाली, ‘‘फोडा फोडा. उद्यापासून बंबाची लाकडं तुमची.’’

मशीन मी घेतलं नाही. गड्याला महिन्यातून एक दिवस बोलवायचं ठरलंय. तो मॉल, पाचरी आणि टायरवाल्या ठोकळ्यावर मोठे ओंडके फोडेल, आणि बाभळ तोडली की आठ दिवसांच्या आत, ओली असतानाच. ह्याला मामाने मान हलवली. हो म्हणाला नाही, पण मान हलवली. गावातल्या सातआठ घरांनी मिळून ट्रॅक्टरवरचं हायड्रॉलिक बनवून घ्यायचं, असं मामेभावाच्या डोक्यात आहे. तेवढी घरं, तेवढी लाकडं असतील तर त्याला अर्थ आहे. एका घरासाठी नाही.

धूर अजून आहे, हेही सांगायला हवं. बारीक, वाळक्या काड्यांनी तो कमी झालाय, गेला नाही. भाकरी गॅसवर करण्याबद्दल आजीशी माझी बोलणी सुरू आहेत. सध्या ती वरणापर्यंत आली आहे.

गेल्या आठवड्यात मामीचा फोन आला. टाके कधीच निघालेत, मामा शेतात जातो. जाऊबाईंना तसलंच पातं हवंय, शेजारच्या दोघींनाही. पण घिसाड्यांचं पाल उठलंय. कुणी म्हणतं कळमनुरीकडे गेले, कुणी म्हणतं सेनगावला. मामेभाऊ रविवारी मोटरसायकल घेऊन शोधायला निघणार आहे. ‘‘तुझ्या मोबाइलात त्यांचा फोटो असंल तर धाड,’’ मामी म्हणाली.

शोधला. भट्टीचे तीन आहेत, पात्याचे अकरा. घण घालणाऱ्या बाईचा एकही नाही.